लाभ

केसपेपरवरचं आडनाव बाईनं वाचलं : लोखंडे.
मग एक्स-रे उजेडासमोर धरला
आणि हसू दाबलं.
कमरेत चार स्क्रू, दोन सळ्या.
आडनाव आता आतपर्यंत पोचलंय, मी म्हणालो.
हसलो तर टाके ओढले.

तीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात.
तूर, सोयाबीन, करडई.
क्विंटलाचं पोतं अंगावर यायचं तेव्हा
आपल्याला पाठ आहे हे आठवायचंसुद्धा नाही.
आता रात्री तीन वाजता
एकेक मणका मला नावानं हाक मारतो.
ए वैजनाथ. ए वैजनाथ.

निलोफर पटेल, औशाची. माझ्या धाकटीच्या वयाची.
पहिल्या दिवशी शिकवलं काय,
तर कुशीवर वळणं.
"ओंडक्यासारखं, काका. खांदा आणि कंबर एकदम.
मधूनच पिळायचं नाही."
ओंडका झालो.
पाय खाली सोडले, कोपरावर जोर दिला
आणि उठून बसलो,
तर महानंदानं टाळ्याच वाजवल्या.
मग लाजली, पदर नीट केला,
उगाच डब्याचं झाकण लावू लागली.

मग टाच सरकवायची गादीवरून,
पुढं, मागं. पोट आत.
"तुम्ही श्वास कोंडता," ती म्हणाली.
कोंडणारच की.
पोतं चढतंच कोंडल्या श्वासावर,
सुटला की माणूस बसला.
ती सवय ती रोज थोडी थोडी सोडवते,
सुतळीची गाठ नखानं सोडवावी तशी.

मोजायचं मी, मोठ्यानं, हा तिचा नियम.
लाभ, मी म्हणालो.
"काय?"
लाभ. दोन. तीन. चार.
मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, बाई.
तिनं फायलीत काहीतरी लिहिलं.
बहुतेक, पेशंट गोंधळलेला आहे.

डाव्या अंगठ्यात मुंग्या आल्या.
"येऊ द्या. नस जागी व्हायलीय."
आठवडाभर त्या अंगठ्याकडं बघत बसलो,
बोअर घेताना भोकाच्या तोंडाकडं बघतात तसा.
धूळ. नुसती धूळ.
एका मंगळवारी, ओल.

पाठीवर झोपून गुडघे मोडायचे, कंबर उचलायची,
ह्याला ती पूल म्हणते.
मांजरेवर आहे की असा,
वर सगळं पक्कं, खाली पाणी नाही.
पाच मोजेपर्यंत धरला.
सहाव्याला मांडी थरथरली, पूल पडला,
मी शिवी दिली. तिनं ऐकलीच नाही,
"पुन्हा," म्हणाली.

संध्याकाळी गंजगोलाईला फेरी.
सोळा रस्ते फुटतात तिथून,
पहिल्या दिवशी तीन ओलांडले
आणि बांगड्यांच्या दुकानापाशी टेकलो.
दुकानदारानं स्टूल दिलं, वर विचारलं,
"कोणत्या मापाच्या दाखवू?"
महिन्यानं गोल पुरा झाला.
त्यानं लांबूनच हात केला.

आकडी खिळ्याला आहे घरी.
तिला गंज चढायलाय, मला सांगत नाही कुणी.
"बाई, पोतं?"
पट्टा माझ्या पोटाला आवळत होती,
आवळून झाला तरी हात तिथंच.
"बादली उचला. अर्धी. अंगाला धरून."
मी पोतं विचारलं होतं.
"ऐकलं मी, काका."

काल तिच्याकडची शेवटची खेप.
पडद्यापलीकडं कुणी म्हातारी कण्हत होती,
आणि निलोफर मोजत होती,
"लाभ. दोन. तीन."
"काय गं बाई हे लाभ?"
"असतं तसं. पाय ताठ ठेवा."

बाहेर माझी एक चप्पल उलटी पडलेली.
पाय रुंद केले, गुडघ्यातून खाली गेलो,
हातानं सरळ केली, घातली,
रस्त्यावर आलो.
रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं,
पाठीला ह्यातलं काही कळलंच नव्हतं.